इंग्लंडमध्ये बार काढताय? आधी लायसन्स, मग ऑफर

मुंबईत ‘वन प्लस वन’ची पाटी लावून धंदा केलेला माणूस लंडनला किंवा लेस्टरला रेस्टॉरंट-बार काढतो, तेव्हा हमखास विचारतो, “इथे हॅपी अवर चालतो का हो?” इंग्लंड आणि वेल्समध्ये चालतो. पण ऑफर कशी असावी यावर २०१० पासून बंधनं आहेत, आणि जागेवर दारू प्यायला देणाऱ्या प्रत्येक बारच्या लायसन्सला ती आपोआप चिकटतात.

लायसन्स दोन लागतात. पहिलं माणसाचं, म्हणजे पर्सनल लायसन्स. वय १८ पूर्ण, ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आणि मान्यताप्राप्त परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. सोबत दोन फोटो, गुन्ह्यांची माहिती देणारा फॉर्म, ३७ पौंड फी आणि बेसिक डीबीएस दाखला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी तपासून मिळणारा सरकारी दाखला. हा दाखला अर्जाच्या दिवशी एक महिन्यापेक्षा जुना चालत नाही. म्हणून आधी परीक्षा पास व्हा, मगच तो काढा. उलट केलंत तर पुन्हा पैसे भरावे लागतील. हा अर्ज तुम्ही राहता तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे जातो.

दुसरं जागेचं, प्रिमायसेस लायसन्स. त्याचा अर्ज बार जिथे आहे तिथल्या कौन्सिलकडे. जागेचा नकाशा (सहसा १:१०० प्रमाणात), धंदा कसा चालवणार याचं ‘ऑपरेटिंग शेड्यूल’ आणि पर्सनल लायसन्स असलेल्या जबाबदार सुपरवायझरचं संमतिपत्र जोडायचं. फी जागेच्या रेटेबल व्हॅल्यूनुसार (कर आकारणीसाठी ठरवलेलं जागेचं मूल्य) १०० ते ६३५ पौंड. मोठ्या पबना काही वेळा जास्त, शिवाय दरवर्षी भरायची फी वेगळी.

मग येते ती निळी नोटीस. फिकट निळा कागद, किमान ए-४ आकाराचा, काळी अक्षरं, टाइप १६ पॉइंटपेक्षा लहान नको. ती रस्त्यावरून वाचता येईल अशी २८ दिवस लावून ठेवायची आणि स्थानिक वर्तमानपत्रातही जाहिरात द्यायची. ही नोटीस पोरखेळ समजू नका. पांढऱ्या कागदावर छापलीत तर २८ दिवस पुन्हा मोजायची पाळी येऊ शकते. या मुदतीत पोलीस किंवा शेजारी हरकत घेऊ शकतात. हरकत आली आणि आपसात मिटली नाही तर सुनावणी. कोणी हरकत घेतली नाही तर लायसन्स द्यावंच लागतं.

आता ऑफर. ठरलेल्या वेळात अमुक पेग संपवा, असले खेळ बंद. ठरावीक रकमेत हवी तेवढी प्या, २४ तासांत इतकी प्यायलात तर पुढची फुकट, झिंगण्याचं कौतुक करणारी पोस्टर्स, या गोष्टी गुन्हेगारी, सुरक्षितता, शेजाऱ्यांचा त्रास किंवा मुलांचं हित यांना बाधा आणण्याचा मोठा धोका असेल तर चालत नाहीत. गिऱ्हाइकाच्या तोंडात थेट दारू ओतणं तर बंदच, अपवाद फक्त अपंगत्वामुळे स्वतः पिऊ न शकणाऱ्याचा. मागेल त्याला नळाचं पाणी फुकट द्यायचं. बिअरचा हाफ पिंट, स्पिरिटचा २५ किंवा ३५ मिली पेग आणि वाइनचा १२५ मिली ग्लास मेनूवर दिसला पाहिजे.

भावाला खालची मर्यादा आहे ती २८ मे २०१४ पासून: ड्युटी (दारूवरचा अबकारी कर) अधिक त्या ड्युटीवरचा व्हॅट. बाटलीवर ९ पौंड ड्युटी असेल तर २० टक्के व्हॅट धरून १० पौंड ८० पेन्सच्या खाली विकता येत नाही. खरं सांगायचं तर बारमध्ये पेगचे भाव याच्या कितीतरी वर असतात, त्यामुळे हा नियम बोचतो तो सुपरमार्केटला. अटी मोडल्या तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो.

स्कॉटलंडचं गणित वेगळं. तिथे एकदा लावलेला भाव ७२ तास बदलता येत नाही, म्हणजे दोन तासांचा हॅपी अवर बाद. शिवाय ३० सप्टेंबर २०२४ पासून दर युनिटला (१० मिली शुद्ध अल्कोहोल) किमान ६५ पेन्स.

आणि मंडळाच्या दिवाळी पार्टीत एका रात्रीपुरता बार लावायचा असेल, तर इंग्लंड-वेल्समध्ये एवढा खटाटोप नको. कौन्सिलला ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ द्या: फी २१ पौंड, कार्यक्रमाआधी पूर्ण दहा कामाचे दिवस, आणि स्वयंसेवक धरून एका वेळी माणसं ४९९ पर्यंतच.