पोकरपटूची ‘कमाई’ खरंच तेवढी असते?
अमुक पोकरपटूने इतके लाख डॉलर कमावले, अशा याद्या वर्षानुवर्षं फिरतात आणि तो सगळा नफाच समजला जातो. तसं नाही. त्यांत फक्त स्पर्धांतली बक्षिसं मोजतात. हरलेल्या स्पर्धांची प्रवेश फी वजा होत नाही. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचीच फी १०,००० डॉलर, आणि बहुतेक खेळाडू तिथून हात हलवत परततात. शिवाय हिस्सेदार असतात, म्हणजे खेळाडूला आधी पैसे देऊन बक्षिसातला वाटा घेणारे. २००३ मध्ये याच मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकर (हो, आडनाव खरंच हेच!) २५ लाख डॉलर जिंकला, पण वडिलांना आणि एका मित्राला त्याने आधीच वाटा विकला होता. प्रवास, कर वेगळेच. उलट रोख डावांतली (स्पर्धेबाहेर थेट पैसे लावून खेळलेल्या डावांतली) कमाई या याद्यांत येतच नाही, त्यामुळे काही तगडे खेळाडू तिथे शोधूनही सापडत नाहीत.