दिवाळीआधी शॉवर बदलायचा असल्यास : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून ते सप्टेंबर या काळात पुण्यातून आमच्याकडे येणारे बहुतेक फोन ओल आणि गळतीबद्दलचे असतात. नवरात्र बसले की मात्र एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : दिवाळीच्या आत बाथरूममधला शॉवर बदलून मिळेल का, आणि त्याला किती दिवस लागतील? बहुतेक घरांत हे काम एका दिवसाचे असते. परंतु तो एक दिवस एकच राहावा, यासाठी आठवडाभर आधी नीट पाहणी आणि मोजमाप व्हावे लागते. ते न करता सामान आधी खरेदी केले की दुपारी दोन वाजता एखादा जोड बसत नाही असे लक्षात येते, घराचे पाणी बंद असते आणि दुकानात धावपळ सुरू होते. ती वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही देत आहोत.

आपले काम कोणत्या प्रकारचे आहे

भिंतीतून बाहेर आलेला दांडा आणि त्याच्या टोकाचा शॉवर एवढेच बदलायचे असेल, तर तासाभरात काम होते. यांचे आटे सर्रास अर्ध्या इंचाचे असल्यामुळे कोणत्याही कंपनीचा शॉवर सहसा बसतो. गरम आणि थंड पाण्याचे दोन कॉक असलेला, भिंतीबाहेर दिसणारा वॉल मिक्सर बदलायचा असेल, तर दोन ते तीन तास धरावेत. येथे भिंतीतील दोन जोडांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर महत्त्वाचे असते. ते साधारणपणे 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच असते. मिक्सरचे पाय तिरके असल्याने ते फिरवून थोडाफार फरक जुळवता येतो, पण जुन्या बांधकामात हे अंतर बरेच चुकलेले आढळते. म्हणून आम्ही जुना मिक्सर उतरवून टेपने मोजल्याशिवाय नवा सुचवत नाही.

तिसरा प्रकार भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी तोटीकडे की शॉवरकडे जाईल हे ठरवणाऱ्या कॉकचा असून, अपेक्षाभंग बहुधा येथेच होतो. बाहेर दिसणारी मूठ आणि चकती बदलून नवा साज चढवता येईल, असे ग्राहकांना वाटते. मात्र भिंतीतील पितळी भाग आणि बाहेरचा भाग एकाच कंपनीचे, बरेचदा एकाच मालिकेतील असावे लागतात. ती मालिका बंद झाली असेल, तर टाइल्स फोडण्यावाचून पर्याय उरत नाही आणि एका दिवसाचे काम चार दिवसांवर जाते. पुष्कळदा मात्र मूळ दोष केवळ आतल्या कार्ट्रिजचा, म्हणजे मुठीमागे पाणी सोडणाऱ्या-रोखणाऱ्या भागाचा असतो. मूठ जड झाली असेल किंवा कॉक बंद करूनही पाणी ठिबकत असेल, तर आधी तोच भाग बदलून पाहावा, असे आमचे ठाम मत आहे. चांगल्या टाइल्स विनाकारण फोडायला आम्ही तयार होत नाही.

भिंत काय सांगते

या कामासाठी शरद ऋतू सोयीचा आहे, याचे सणापलीकडचेही एक कारण आहे. पावसाळ्यात भिंतीवर दिसणारी ओल पावसाची की पाइपातील गळतीची, हे तेव्हा सांगणे अवघड असते. ऑक्टोबर हीटचे दोन-तीन आठवडे गेले की हा फरक आपोआप पुढे येतो. त्यासाठी बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडची बाजू पाहावी. तेथे बेडरूममध्ये रंगाला पोपडे आले असतील किंवा भिंतीला लोणा लागला असेल, तर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहून ठेवावी. पंधरा दिवसांनी ओल रेघेच्या बरीच आत सरकली असेल, तर ती बहुधा पावसाची होती. ती रेघेवरच थांबली असेल किंवा बाहेर पसरली असेल, तर दोष पाइपात, एखाद्या जोडात किंवा टाइल्सच्या सांध्यांत आहे असे समजून आधी त्याचा शोध घ्यावा लागतो. अशा भिंतीवर नवा शॉवर बसवून दिला, तर आपला पैसा वाया जाईल आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला डाग पडेल. आपल्या सदनिकेतील नळजोडांतून किंवा बाथरूममधून झालेल्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च सहसा सभासदालाच सोसावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

इमारत जुनी असेल, तर भिंतीतील पाइप लोखंडी, म्हणजे बाजारात ज्यांना जीआय म्हणतात ते, असण्याची शक्यता असते. वीस-पंचवीस वर्षे एकाच एल्बोमध्ये, म्हणजे भिंतीतील काटकोनी जोडात बसलेला शॉवरचा दांडा गंजाने इतका धरतो की पान्याने जोर लावताच तो आट्यांपाशी तुटतो आणि त्याची कडी आतच अडकून राहते. अशा वेळी आणखी जोर लावला, तर भिंतीतील एल्बोच फिरतो आणि मागचा जोड सुटतो. आमचा कारागीर तेथे गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास थांबतो, मग हॅकसॉच्या पात्याने त्या कडीला आतून दोन चिरा देतो आणि बारीक छिन्नीने ती आतल्या बाजूला दुमडून काढतो. एल्बोच्या आट्यांना धक्का न लावता हे करण्यास चाळीस मिनिटे लागतात. ती लागू द्यावीत, अशी आमची विनंती आहे.

दाब आणि शॉवरची निवड

दुकानात आठ इंची रुंद शॉवर फार देखणा दिसतो. तो आपल्या घरी चालेल की नाही, हे गच्चीवरील टाकी ठरवते. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावरील घरात टाकी आणि शॉवर यांच्यातील अंतर दोन-तीन मीटरच असेल, तर दाब पाव बारच्या आसपास राहतो आणि रुंद शॉवरमधून धार न पडता थेंब ओघळतात. म्हणून खरेदीआधी जुना शॉवर काढावा, मोकळ्या दांड्याखाली 15 लिटरची बादली धरावी आणि घड्याळ लावावे. बादली भरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर रुंद शॉवर घेऊ नये. लहान तोंडाचा किंवा हँड शॉवर अधिक समाधान देईल. प्रेशर पंप बसवायचा झाल्यास तो टाकीनंतरच्या लाइनवर आणि सोसायटीच्या परवानगीनेच बसवता येतो. महापालिकेच्या जोडणीवर थेट पंप लावण्यास मनाई आहे आणि ते काम आम्ही स्वीकारत नाही.

आपल्याकडे अनेक घरांत शॉवर असूनही स्नान बादलीनेच होते, आणि त्यात काहीच गैर नाही. अशा घरात खाली तोटी, मधे हँड शॉवर आणि वर शॉवर अशी तिन्ही सोय असलेला मिक्सर घ्यावा. घरात आजी-आजोबा असतील, तर हँड शॉवर वर-खाली सरकणाऱ्या दांडीवर असावा, म्हणजे स्टुलावर बसूनही हात पोहोचतो. शेजारी आधाराची पक्की दांडी त्याच दिवशी बसवून घ्यावी. अभ्यंगाच्या तेलाने फरशी निसरडी होते आणि त्या पहाटे ही दांडी फार उपयोगी पडते.

दिवस कोणता धरावा

पुष्कळ सोसायट्या दिवाळीआधी गच्चीवरील टाकी धुवून घेतात. त्या धुण्यात तळाचा गाळ हलतो, लाइनमध्ये उतरतो आणि नव्या शॉवरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. म्हणून टाकी कधी धुतली जाणार हे सेक्रेटरींना विचारून आपले काम त्यानंतरच ठेवावे. ठोकाठोकीच्या वेळा, डक्टमधील (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतील) व्हॉल्व्ह बंद करण्याची परवानगी आणि वरच्या-खालच्या घरांना द्यायची सूचना हे सारे त्याच भेटीत उरकावे. डक्टमधील व्हॉल्व्ह कधीकधी वर्षानुवर्षे फिरवलेला नसतो आणि ऐन वेळी बंद होत नाही. त्यामुळे पाहणीच्या दिवशीच आम्ही तो सेक्रेटरींच्या संमतीने एकदा फिरवून बघतो.

टाइल्स फोडण्याचे काम असल्यास धनत्रयोदशीच्या किमान दहा दिवस आधीची तारीख घ्यावी. सिमेंट, टाइल्सचा चिकट मसाला आणि सांध्यांचे ग्राउट यांना सुकायला वेळ द्यावाच लागतो. शिवाय आमचे काही कारागीर दिवाळी आणि छठपूजेसाठी गावी जातात. त्या दहा दिवसांत आम्ही भिंत फोडण्याचे नवे काम घेत नाही. फक्त शॉवर किंवा मिक्सर बदलून देतो.

कामाच्या दिवशी

पाणी बंद करण्यापूर्वी गिझरचे बटण बंद करावे आणि काम संपेपर्यंत ते कोणीही लावू नये. रिकाम्या गिझरला वीज मिळाली तर आतील कॉइल जळते. साबण, कपडे आणि आरसा बाहेर काढून ठेवावा, दोन बादल्या पाणी भरून ठेवावे आणि नहाणी ट्रॅपवर, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या तोंडावर, जाड फडके घालावे, म्हणजे वॉशर किंवा स्क्रू आत पडणार नाही.

जुना भाग निघाल्यावर आम्ही लगेच नवा बसवत नाही. आधी मोकळ्या लाइनमधून पाणी स्वच्छ येईपर्यंत ते बादलीत सोडतो. पहिल्या बादलीच्या तळाशी उरलेली वाळू आणि गंजाचे कण आम्ही ग्राहकांना मुद्दाम दाखवतो. त्यानंतर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून दांडा बसवला जातो. भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा, नवा जोड दिला असेल, तर तो रात्रभर वाळू दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी दाब देऊन जोड कोरडा आहे याची खात्री होईपर्यंत भिंत बुजवली जात नाही. एकाच दिवसात सारे आटोपण्याचा आग्रह ग्राहकांनी धरला, तरी या एका बाबतीत आम्ही तो मान्य करू शकत नाही.

शेवटी गरम पाणी डाव्या आणि थंड पाणी उजव्या बाजूला येते का, हे आपल्यासमोर तपासले जाते. गिझर पाण्याने पूर्ण भरल्यावर, म्हणजे गरम पाण्याच्या कॉकमधून अखंड धार आल्यावरच, त्याचे बटण लावावे.

पहिले दोन दिवस रात्री झोपताना दांड्याच्या मुळाशी असलेल्या चकतीभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून ठेवावा आणि सकाळी तो पाहावा. कागद ओलसर दिसला, तर आम्हाला कळवावे. आम्ही त्याच दिवशी येऊन जोड पुन्हा करून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी येत असलेल्या घरांत महिन्यातून एकदा शॉवरचे तोंड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासावे, म्हणजे क्षार साचून छिद्रे बुजणार नाहीत. कंपनीचे वॉरंटी कार्ड आणि बिल आम्ही एकाच पाकिटात देतो. त्या पाकिटावर भिंतीतील पाइप कोठून जातात याचे रेखाचित्र काढलेले असते. पुढे त्या भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.