मतपेढी

मतपेढी : निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या वा पक्षाच्या पदरात समूहाने पडतील असे धरून चाललेली मते, तसेच अशी मते देणारा समूह. बोलण्यात ‘व्होट बँक’, ‘एकगठ्ठा मते’, ‘हुकमी मते’ हे शब्द अधिक आढळतात. लोकसभा निवडणुकीची चर्चा आज याच संज्ञेभोवती फिरते आणि तिचा अर्थ बहुधा जात किंवा धर्मसमूह असाच घेतला जातो. मूळ अर्थ मात्र वेगळा होता.

संज्ञेचा उगम : या संज्ञेचे जनकत्व सामान्यतः समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांना दिले जाते. म्हैसूरजवळच्या एका गावात त्यांनी १९४८ मध्ये राहून अभ्यास केला. लेखनात त्या गावाला ‘रामपुरा’ हे नाव दिलेले आहे. त्यावर आधारित त्यांचा दीर्घ निबंध १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मतपेढी म्हणजे जात नव्हे, तर गावातील वजनदार आश्रयदाता. जमीन, कर्ज आणि तंट्याचा निवाडा यांमुळे कुळे, मजूर व ऋणको त्याच्याशी बांधलेले असत. उमेदवार मतदारांकडे न जाता त्याच्याकडे जाई, मते घेई आणि बदल्यात त्याची कामे करून देई.

दुसरे नाव घेतले जाते ते मानववंशशास्त्रज्ञ एफ. जी. बेली यांचे. ओडिशातील त्यांच्या अभ्यासात जातीच्या पुढाऱ्याचे निवडणुकीतील वजन दाखवण्यासाठी हा शब्द येतो. काही ठिकाणी बेलींच्या ग्रंथाचे वर्ष १९५९ दिलेले आढळते. तो घोटाळा ग्रंथाच्या नावातील सालामुळे झालेला दिसतो. १९५९ हे अभ्यासलेल्या परिस्थितीचे वर्ष असून ग्रंथाचे प्रकाशन १९६३ चे आहे. दोहोंपैकी कोणतेही वर्ष धरले तरी श्रीनिवासांचा वापर आधीचा ठरतो. इंग्रजी वृत्तपत्रांत वा कार्यकर्त्यांच्या तोंडी हा शब्द त्याहीपूर्वी असणे अशक्य नाही. म्हणून १९५५ हे वर्ष जन्माचे न मानता शास्त्रीय लेखनातील पहिल्या ठळक वापराचे मानणे अधिक सुरक्षित. आश्रयदात्याकडून जातीच्या पुढाऱ्याकडे आणि पुढाऱ्याकडून सबंध जातीकडे असा हा अर्थ सरकत गेला. मराठी प्रतिशब्दात मूळ अर्थ अजून टिकून आहे, हे नोंदवण्यासारखे आहे. पेढीला मालक असतो, ठेवी दुसऱ्यांच्या असतात.

महाराष्ट्रात ही मालकी गावच्या पाटलाकडून सहकारी संस्थांकडे गेली. साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ आणि शिक्षण संस्था यांचे सभासद व कर्मचारी हे तयार जाळे झाले. ऊस कोणाचा आधी तुटणार, कर्ज कोणाला मिळणार हे ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाला मतदानात किंमत आली. कोपरगावच्या साखर कारखान्यावरील समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांचा अभ्यास या दृष्टीने पायाभूत आहे. लोणीच्या कारखान्याचे संस्थापक विठ्ठलराव विखे पाटील यांचे पुत्र बाळासाहेब विखे पाटील १९७१ मध्ये कोपरगावातूनच लोकसभेवर गेले.

जागांचे गणित : ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्यांहून कमी का असेनात, ही आपली पद्धत आहे. त्यामुळे मते किती यापेक्षा ती कोठे आहेत आणि विरोधी मते किती फुटली, याला जास्त महत्त्व येते. २०१४ मध्ये बहुजन समाज पक्ष मतांच्या हिशेबात देशात तिसरा होता, सुमारे ४ टक्के. जागा एकही नाही. त्याहून कमी, सुमारे ३.३ टक्के मतांवर अण्णा द्रमुकला ३७ जागा मिळाल्या, कारण त्याची मते एकट्या तमिळनाडूत एकवटलेली होती. महाराष्ट्रात १९९८ साली काँग्रेस व रिपब्लिकन गट एकत्र लढले. काँग्रेसला ३३, रिपब्लिकनांना ४, तर शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी केवळ १० जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी राष्ट्रवादी काँग्रेस वेगळी झाली आणि युती २८ वर गेली. एका वर्षात मतदाराचे मन इतके पालटले असे मानण्यास आधार नाही. पेढ्यांची वाटणी पालटली होती.

येथेच एक सावधगिरी हवी. २०१९ मध्ये नांदेडला काँग्रेसचे उमेदवार अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांवर मते पडली. यावरून ‘मते खाल्ली’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. त्यामागे, ती मते वंचित आघाडीचा उमेदवार नसता तर दुसऱ्या ठराविक पक्षालाच गेली असती, हे न तपासलेले गृहीत आहे. स्वतःच्या उमेदवाराला मत देणाऱ्याला दुसऱ्याच्या खात्यातील चोर समजणे शास्त्रीयही नाही आणि न्याय्यही नाही.

मोजणी आणि मध्यस्थ : मतपेढी चालायची तर ठरल्याप्रमाणे मते पडली की नाही, हे कळावे लागते. मत गुप्त असते. पण मतदान केंद्रावर हजार-दीड हजारांच्या आसपासच मतदार असल्याने केंद्रनिहाय आकडा गाव वा वस्ती उघडी पाडतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, निवडणूक आयोगाला आवश्यक वाटेल तेथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी मिसळण्याची सोय निवडणूक संचालन नियमांत (नियम ५९अ) होती. केरळमधील परवूर येथे १९८२ मध्ये मतदान यंत्र प्रथम वापरले गेले आणि २००४ पासून लोकसभेचे सर्व मतदारसंघ यंत्रांवर गेले. यंत्र केंद्रागणिक स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे मिसळणे उरले नाही. यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवले. त्यात सुमारे १४ यंत्रांची मते एकत्र करून फक्त बेरीज दाखवली जाते. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने अनुकूलता दाखवली नाही. मतदाराला सूडापासून वाचवणारी ही साधी तरतूद मागे पडणे खेदाचे आहे.

मर्यादा : मतपेढी हे यशाचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसच्या वजनदार मंडळींचा शब्द चालला नाही. १९७१ मध्ये ‘गरीबी हटाओ’ ही हाक मध्यस्थाला ओलांडून थेट मतदारापर्यंत गेली. लोकसभा निवडणूक विधानसभांपासून वेगळी काढल्याचा त्याला हातभार लागला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही; हातच्या गेलेल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या मानलेल्या पेढ्याही होत्या. १९९६ पासून लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेने केलेल्या मतदार सर्वेक्षणांत मोठे समूह सहसा एका बाजूला पूर्ण झुकलेले दिसत नाहीत. वर्ग, प्रदेश आणि लाभाच्या योजना यांनी ते फुटतात.

कायदा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारे मत मागणे हा निवडणुकीतील ‘भ्रष्ट आचार’ आहे. कलमात ‘त्याचा’ धर्म असे शब्द आहेत; तो केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही, हा वाद सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून सर्वोच्च न्यायालयात गेला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी, त्यात मतदारही येतो, असा निर्णय दिला. पक्षाने जात पाहून उमेदवारी देणे मात्र या कलमात येत नाही.