आयलेट्स मधोमध काळे पडतात? बाटलीच्या आधी डिश बघा

दिवाळीनंतर प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की महाडपासून सावंतवाडीपर्यंतच्या फार्मसी कॉलेजांतून मीडियम (पेशी जगवायचा पोषक द्रव) पुरवणाऱ्या आम्हाला एकच फोन येतो: ‘तुमचं मीडियम चाललं नाही, तिसऱ्या दिवशी सगळे आयलेट्स मधून काळे पडले.’ आयलेट्स म्हणजे स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे गोळे. बाटली आम्ही बदलून देतोच. पण नव्या बाटलीनेही तेच होते आणि तोवर रॅट, कोलॅजिनेज (ऊतक सैल करून आयलेट्स सोडवणारे एन्झाइम) आणि तुमचे दोन आठवडे हातचे गेलेले असतात. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक खोक्यात घालतो आहोत.

फोनवर आमचा पहिला प्रश्न असतो, एका डिशमध्ये किती आयलेट्स आणि किती मिली? बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘सगळेच एका डिशमध्ये, आणि मीडियम भरपूर घातलंय.’ घोटाळा इथेच होतो.

एका आयलेटमध्ये हजारएक पेशी असतात. मोजणीसाठी त्याचा व्यास १५० मायक्रॉन धरतात, पण ३००-४०० मायक्रॉनचेही निघतात. स्वादुपिंडाच्या वजनात आयलेट्सचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के, तरी रक्त त्यांना त्याच्या कितीतरी पट जास्त मिळते. केशवाहिन्या थेट गोळ्याच्या आत शिरलेल्या असतात. कोलॅजिनेजने सोडवला की तो पुरवठा तुटतो. मग प्राणवायू फक्त वरच्या हवेतून, मीडियम ओलांडून खाली उतरतो. थर जाड असेल तर तळाशी कमी पोचतो, आणि शेजारी पाच-पन्नास गोळे खेटून बसले असतील तर मधल्या पेशींपर्यंत काहीच उरत नाही. मोठे गोळे आधी जातात.

६० मिमीच्या डिशमध्ये ५ मिली घातले की थर साधारण अडीच मिमीचा होतो. तेवढाच ठेवा. आयलेट्स आम्ही शंभर ते दीडशेच सांगतो. चारशे मिळाले तर तीन डिश लावा. आणखी एक गोष्ट हमखास घडते. वेचायला सोपे जावे म्हणून डिश गोल फिरवतात, आयलेट्स मध्ये गोळा होतात, आणि ढीग तसाच इन्क्युबेटरमध्ये जातो. ठेवण्यापूर्वी डिश आधी पुढेमागे, मग डावीउजवीकडे हलवा म्हणजे ते पसरतात.

इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली चांगला आयलेट सोनेरी दिसतो, कड गुळगुळीत, उजेड सगळीकडे सारखा. गुदमरलेला कडेला उजळ आणि मधे काळा, पिकल्या भोकरात बी दिसते तसा. डायथिझोनच्या लाल रंगावर विसंबू नका. तो आयलेटमधल्या जस्ताला धरतो, त्यामुळे आयलेट कोणता आणि पाचकरस बनवणाऱ्या ग्रंथीचा तुकडा कोणता एवढेच कळते. जिवंत किती ते पाहायला एफडीए-पीआयने (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल दाखवणारी रंगांची जोडी) रंगवा. दोन्ही आमच्याकडे छोट्या पॅकमध्ये आहेत.

‘कोटिंग नसलेली साधी डिश का पाठवता?’ असेही विचारतात. कल्चरसाठीच्या प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकला आयलेट चिकटतो, चपटा होतो आणि भोवती फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकाच्या पेशी) पसरू लागतात. साध्या डिशमध्ये तो सुटा राहतो. ही डिश स्वस्तही पडते, त्यामुळे महागडी गळ्यात मारण्याचा आमचा काही हेतू नाही.

तसेच डीएमईएम या मीडियमचे. एमआयएन६ सारखी सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या उंदराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) असेल तर हाय-ग्लुकोज डीएमईएम जरूर घ्या, आम्ही देतो. रॅटच्या आयलेट्ससाठी मात्र आरपीएमआय १६४० च सुचवतो. आरपीएमआयमध्ये ग्लुकोज ११.१ मिलिमोलर, हाय-ग्लुकोज डीएमईएममध्ये २५. जांभळाच्या बियांचा किंवा सप्तरंगीचा अर्क घालून इन्सुलिनचा प्रतिसाद मोजायचा असेल, तर आधी कित्येक दिवस भडक साखरेत ठेवलेले आयलेट्स नीट उत्तर देत नाहीत आणि दोष अर्कावर येतो.

आम्ही ५०० मिलीऐवजी १०० मिलीच्या बाटल्या देतो, कारण उघडलेल्या बाटलीतले ग्लुटामिन हळूहळू विघटत जाते आणि अमोनिया साठतो. पार्सल एसटीने आले तर त्याच दिवशी सोडवून फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात स्टँडवर रात्रभर राहू देऊ नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमचा तळमजल्यावरचा सगळा साठा गेला. तेव्हापासून मीडियममध्ये घालायचे सीरम वरच्या मजल्यावर, इन्व्हर्टरवर असते. वीज जाऊन खराब झालेला माल आम्ही विकत नाही.

पहिल्यांदाच आयलेट्स काढणाऱ्यांसाठी दहा साध्या डिश, १०० मिली मीडियम आणि डायथिझोन असा संच एकत्र घेता येतो. अडचण आली तर फोन करण्याआधी दोन फोटो काढा: एक डिशचा बाजूने, मीडियमचा थर दिसेल असा, दुसरा मायक्रोस्कोपमधला. बाटली बदलून हवी असेल तरी हे दोन्ही पाठवा, म्हणजे नवी बाटली निघण्याआधी आपले बोलणे होईल.