अडीच मिलिमीटरची भेग

पूल कोसळला की दुसऱ्या दिवशी एकच मागणी होते: ब्रिटिशकालीन पूल आधी पाडा. २०१६च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, तेव्हाही हेच कानावर आलं. पण पूल नुसत्या वयाने मरत नाही.

इंग्लंडमधला क्लिफ्टनचा झुलता पूल १८६४चा. त्यावरून आजही गाड्या धावतात. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८चा, म्हणजे चौसष्ट वर्षांनी धाकटा. तो १५ डिसेंबर १९६७च्या संध्याकाळी वाहनांसकट नदीत गेला आणि ४६ माणसं दगावली.

दोन्ही पूल साखळीला टांगलेले. सायकलची चेन जवळून पाहा: दोन बाजूंना दोन पट्ट्या, टोकांना भोकं, भोकांतून पिन. पुलाच्या साखळीतही तसंच असतं, फक्त पट्टी माणसाच्या कितीतरी पट लांब. क्लिफ्टनला प्रत्येक बाजूला एकावर एक तीन साखळ्या आहेत आणि एकेका कडीत दहा-बारा पट्ट्या शेजारी शेजारी. एक तुटली तर तिचा भार बाकीच्या वाटून घेतात. सिल्व्हर ब्रिजला बाजूला एकच साखळी आणि कडीत दोनच पट्ट्या, जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाच्या. भोकाच्या कडेला ताण सरासरीपेक्षा बराच जास्त असतो. तिथे गंज आणि ताण मिळून भेग पडली, खोली जेमतेम अडीच मिलिमीटर. एवढ्या भेगेवर ते पोलाद ठिसूळपणे तडकलं. पट्टीचा डोळा, म्हणजे भोकाभोवतीचा भाग, फुटला, सगळा भार एकाच बाजूला आल्याने सांधा पिरगळला, जोडीची पट्टी पिनेवरून निसटली आणि मग पूर्ण पूल खाली आला. भेग सांध्याच्या आत होती. सांधा उकलल्याशिवाय कोणत्याही तपासनीसाला ती दिसली नसती.

सिल्व्हर ब्रिजजवळच्या गावात खापर मात्र ‘मॉथमॅन’ नावाच्या पंखवाल्या प्राण्यावर फोडलं गेलं. आपल्याकडेही पुलाच्या पायात नरबळी लागतो ही अफवा अधूनमधून उठते. पुलाला लागतो तो नीट विचार केलेला सांधा, आणि अफवेने जीव जातात ते माणसांचे.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांची सक्तीची तपासणी सुरू झाली. ते योग्यच झालं. पण जुने पूल धडाधड निकालात निघू लागले. याच काळात, १९६९मध्ये, अभियांत्रिकी वारशाची नोंद ठेवणारा सरकारी उपक्रम तिथे उभा राहिला. वास्तुकला शिकलेले एरिक डिलोनी पहिल्याच उन्हाळ्यात त्यात काम करू लागले आणि पुढे १९८७ ते २००३ त्याचे प्रमुख होते. जुना पूल ठेवायचा की पाडायचा हे ठरवण्याआधी तो कसा उभा आहे हे कळायला हवं. म्हणून ही मंडळी टेप घेऊन पुलावर चढायची, सांधे मोजायची, मोठ्या निगेटिव्हवर फोटो घ्यायची. त्यांनी काढलेले नकाशे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांतले कित्येक पूल आता फक्त त्या कागदांवरच उरले आहेत.