सायन्स गेटवे

एखाद्या विज्ञानशाखेतील संशोधक, शिक्षक व विद्यार्थी यांना महासंगणक, मोठे डेटासंच आणि त्या विषयाची खास सॉफ्टवेअर ब्राउझरमधून वापरता यावीत, यासाठी उभारलेले संकेतस्थळ म्हणजे सायन्स गेटवे होय. मराठीत त्याला ‘विज्ञानद्वार’ म्हणता येईल. येथे वापरकर्ता केवळ माहिती वाचत नाही. तो स्वतःचा डेटा चढवतो, गणन चालवतो, निष्कर्ष तपासतो आणि सहकाऱ्यांपुढे ठेवतो.

महासंगणकावर थेट काम करायचे तर गणनवेळेसाठी अर्ज करावा लागतो, सॉफ्टवेअर त्या यंत्रावर बसवावे लागते, कामाची स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी लिहावी लागते आणि प्रतीक्षेतील कामांच्या रांगेचे नियम समजून घ्यावे लागतात. वनस्पतींच्या जनुकक्रमांवरून त्यांची वंशावळ शोधणाऱ्या अभ्यासकाचे या तयारीतच कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि त्यातील फारच थोडे त्याच्या मूळ प्रश्नाशी संबंधित असते. गेटवे हा भार स्वतःकडे घेतो. वापरकर्ता पडद्यावरील अर्जात फाईल व पर्याय भरतो. त्यावरून स्क्रिप्ट तयार करणे, योग्य यंत्र निवडणे, काम रांगेत लावणे आणि पूर्ण झाल्यावर निकाल परत आणणे हे सर्व पडद्यामागे घडते. बहुतेकदा सगळ्यांची कामे गेटवेच्या नावे असलेल्या एकाच सामुदायिक खात्यातून चालतात, त्यामुळे प्रत्येकाला महासंगणकावर वेगळे खाते लागत नाही. मात्र कोणते काम कोणी पाठवले याची नोंद गेटवेला काटेकोरपणे ठेवावी लागते, कारण गैरवापर झाल्यास संपूर्ण समुदायाचा प्रवेश बंद होण्याची वेळ येऊ शकते.

या कल्पनेचे एक आरंभीचे रूप म्हणजे अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाची १९९०च्या दशकाच्या मध्यातील ‘पंच’ ही प्रणाली. तिच्या अनुभवातून २००२ मध्ये नॅनोतंत्रज्ञानासाठी ‘नॅनोहब’ सुरू झाले. पुढे अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘टेराग्रिड’ या महासंगणक-जाळ्याने गेटवेंसाठी स्वतंत्र कार्यक्रम राबवला आणि ‘सायन्स गेटवे’ ही संज्ञा रूढ झाली. वंशावळविश्लेषणासाठी सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरने चालवलेला ‘सिप्रेस’ आणि जनुकीय डेटासाठी २००५ पासून विकसित होत असलेला ‘गॅलक्सी’ ही त्यांतील सुपरिचित उदाहरणे आहेत. प्रत्येक गेटवे मुळापासून बांधावा लागू नये म्हणून ‘हबझिरो’ आणि ‘अपाची ऐरावत’ यांसारखे मुक्तस्रोत सांगाडेही तयार झाले. त्यांपैकी दुसऱ्याचे नाव इंद्राच्या हत्तीचे आहे.

अध्यापनात गेटवेचे मोल विशेष जाणवते. नॅनोहबवर विद्यार्थी पीएन जंक्शनमधील, म्हणजे दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्यातील, मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचे प्रमाण बदलतो आणि ऊर्जापट्ट्यांचा (इलेक्ट्रॉनना शक्य असलेल्या ऊर्जांचा) आलेख कसा वाकतो ते पाहतो. त्यासाठी त्याला काही बसवावे लागत नाही, शक्तिशाली संगणकही लागत नाही. ज्या मंचावर संशोधकांची साधने असतात, त्याच मंचावर तो शिकत असतो. वर्गातील प्रात्यक्षिक आणि खरे संशोधन यांतील अंतर यामुळे जितके कमी होते, तितके पाठ्यपुस्तकातील आकृतीने होत नाही. तरी याच सुलभतेत एक धोका आहे. अर्जातील पर्यायांच्या जागी आधीच भरलेली मूल्ये न तपासता स्वीकारली, तर आलेख सुबक येतो, पण तो ज्या गृहीतकांवर उभा आहे ती विद्यार्थ्याला आणि कधी संशोधकालाही ठाऊक नसतात. म्हणून चांगला गेटवे आपल्या साधनाची पद्धत, आवृत्ती आणि मर्यादा झाकून ठेवत नाही.

सहकार्याच्या बाबतीत गॅलक्सीची रचना उद्बोधक आहे. तिच्यातील ‘हिस्टरी’मध्ये कोणते साधन, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पर्यायांसह वापरले याची पायरीगणिक नोंद आपोआप होते. ती दुसऱ्या अभ्यासकाला देता येते, तिच्यापासून कार्यप्रवाह, म्हणजे पायऱ्यांचा ठरलेला क्रम, तयार करता येतो आणि तोच नव्या डेटावर पुन्हा चालवता येतो. एरवी प्रयोगवहीत राहून जाणारे तपशील येथे हरवत नाहीत. नॅनोहब प्रकाशित साधनाला डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक देते, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचाही शोधनिबंधासारखाच संदर्भ देता येतो. सॉफ्टवेअर हेही संशोधनच असल्याने हे श्रेय न्याय्य आहे.

गेटवेपुढील सर्वांत कठीण प्रश्न टिकण्याचा आहे. उभारणीसाठी मिळणारे अनुदान मुदतीचे असते, तर वापरकर्त्यांची गरज त्या मुदतीनंतरही उरते. सुरक्षा, साधनांच्या नव्या आवृत्त्या, डेटा साठवण आणि वापरकर्त्यांच्या शंका यांचे काम कधीच संपत नाही. गेटवे चालवणाऱ्यांना सल्ला व प्रशिक्षण देण्यासाठी २०१६ मध्ये अमेरिकेत ‘सायन्स गेटवेज कम्युनिटी इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली ती याच गरजेतून. पायाभूत यंत्रणाही बदलत राहते: टेराग्रिडची जागा २०११ मध्ये ‘एक्सीड’ने आणि तिची जागा २०२२ मध्ये ‘ॲक्सेस’ने घेतली. अशा प्रत्येक वेळी जोडण्या, खाती आणि गणनवेळेचे हिशेब नव्याने जुळवावे लागतात, आणि ते नीट जुळले तर वापरकर्त्याला पडद्यावर काहीही बदललेले दिसत नाही.