लग्नसजावटीची परिभाषा (सोलापूर)

लग्न किंवा समारंभाची सजावट ठरवताना यजमान आणि डिझायनर यांच्यात चालणारे शब्द. सोलापुरात बोलणी मराठी, कन्नड, तेलुगूत होतात, पण कोटेशनमधले शब्द बहुतेक इंग्रजी वळणाचे असतात आणि खर्चाचे घोळही तिथेच होतात.

प्लॅनर वेळापत्रक आणि माणसे सांभाळतो, डिझायनर रंग, प्रकाश व मांडणी ठरवतो, डेकोरेटर साहित्य आणून उभारणी करतो. पुष्कळदा तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात. तेव्हा डिझाइनची फी उभारणीच्या दरात धरली आहे की वेगळी, हे आधीच विचारावे.

‘थीम’ हा त्यातला सर्वांत ढिला शब्द. ‘रॉयल’ किंवा ‘पेस्टल’ म्हटल्याने काहीच ठरत नाही. कापडाचे तुकडे समोर ठेवून रंग पक्के करावे लागतात. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर होणारा ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा थीमशिवायच पार पडतो, तरी पांढऱ्या बाराबंदीतले भाविक आणि नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) पाहिले की ‘कलर पॅलेट’, म्हणजे ठरावीक रंगांचा मेळ, कशाला म्हणतात ते कळते. ‘मूडबोर्ड’ म्हणजे इकडून तिकडून जमवलेली चित्रे. ते वचन नव्हे. मापांसह काढलेले थ्रीडी चित्र आणि वरून दिसणारा ‘लेआउट’ यांवरच सही करावी.

‘मंडप’ दोन अर्थांनी येतो: पाहुण्यांवरचे छत, किंवा विधीसाठी चार खांबांची चौकट. दर कोणत्या मंडपाचा, ते लिहून घ्यावे. ‘स्टेज ४० बाय २०’ यात ४० फूट रुंदी आणि २० फूट खोली. उंची त्यात येत नाही. मागची भिंत म्हणजे ‘बॅकड्रॉप’, तिची उंची वेगळी विचारावी. कापडाच्या चुण्या म्हणजे ‘ड्रेपिंग’. दर बहुधा रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या दर फुटाला. दिवे आणि बॅकड्रॉप पेलणारा लोखंडी वा ॲल्युमिनियमचा सांगाडा म्हणजे ‘ट्रस’.

सर्वाधिक वाद फुलांवरून. ‘फ्लोरल’ म्हणजे खरी फुले असे नव्हे. ‘मिक्स’ म्हटले की कापडी फुलेही आलीच, आणि तीही बहुधा वरच्या बाजूला, जिथे हात पोहोचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. झेंडू तग धरतो, पण गुलाब आणि जर्बेरा पाण्याविना दुपारपर्यंत मान टाकतात. अशा वेळी वरती कापडी आणि वधूवरांच्या जवळ खरी, ही तडजोड वाईट नाही; मात्र कुठली फुले कुठे, हे कोटेशनमध्ये असावे.

प्रकाशात ‘वॉर्म’ म्हणजे साधारण ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर उजेड. हळदीचे अंग आणि जरीचा शालू त्यातच खुलतो. निळ्या-हिरव्या ‘पार’ (PAR, रंगीत झोताच्या) दिव्यांखाली चेहरे आजारी दिसतात.

‘डिसमँटल’, म्हणजे सजावट उतरवणे, हा शब्द बहुतेकांना शेवटी ऐकू येतो. कार्यालय किती वाजता रिकामे करायचे, आणि उशीर झाल्यास जादा भाडे कोणी भरायचे, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ठरवतात.